सहावा मणी

मंगल,

तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आता माझ्याकडे आहे. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी शकुताईंनी तो माझ्या हातात ठेवला. तुझी ही थोरली बहीण भंडाऱ्याहून आली आणि चार दिवसांत तुझं कर्वेनगरचं घर रिकामं करून मोकळी झाली. रडणं बहुधा तिने गाडीतच उरकलं असावं. मला ती बाई आवडली. डबा देताना म्हणाली, "बाई, हे मणी कायचे आहेत मले समजलं नाही. पण मंगलनं सांगतलं होतं, हे सुनंदाचं आहे."

माझं नाही, आपलं. पण अशा वेळी दुरुस्त्या काढू नयेत एवढं मलाही कळतं.

डबा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आठवडाभर तसाच पडून होता. मी तो पुसला, दोनदा जागा बदलली, उघडला मात्र नाही. आत काय आहे ते मला पाठ आहे. बावीस वर्षं आपण एकाच कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं, तू थिअरी आणि मी प्रॅक्टिकल, आणि दरवर्षी पहिल्या वर्गासाठी आपण दोघी बसून मणी ओवायचो. तुळशीबागेतून मणी, बोहरी आळीतून तांब्याची तार. ज्यांना पाणी आवडतं ती अमिनो आम्लं काचेची, जी पाणी टाळतात ती लाकडी. ग्लुटॅमिक लाल काचेचा, लायसिन निळा, प्रोलीन म्हणजे माळेला वाकवणारी पितळी कडी. तू यादी वाचायचीस, मी ओवायची. व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्यूसिन, थ्रिओनिन, प्रोलीन, ग्लुटॅमिक, ग्लुटॅमिक, लायसिन... लहानपणी पाढे म्हणायचो तसल्या चालीत. मध्येच तू थांबून विचारायचीस, "ओवलास ना? का नुसती मान हलवतेस?"

वर्गात ती माळ तू दोन्ही हातांत धरायचीस. "मणी वीसच प्रकारचे. यातूनच हत्ती आणि यातूनच मुंगी. तुमचे केस, तुमच्या डोळ्यातलं भिंग, पोटात अन्न फोडणारी विकरं, सगळं यातून." मग माळ मुठीत चुरगळून टेबलावर टाकायचीस. "हे काय झालं?" पोरं म्हणायची, प्रोटीन. "हा गुंता झाला. प्रथिन दर वेळी त्याच घडीत बसतं. लाकडी मणी आत दडतात, काचेचे बाहेर पाण्याकडे तोंड करून राहतात. आणि ती घडी बसली तरच ते काम करतं. घडी मोडली की काम संपलं." मग पिशवीतून उकडलेलं अंडं काढायचीस. घडी मोडल्याचा पुरावा म्हणून ते वर्गभर फिरायचं, आणि तास संपला की तू ते मीठ लावून खायचीस. पुरावा नष्ट करणारी मी पाहिलेली एकमेव शास्त्रज्ञ.

आपलं भांडण मात्र घडीवरूनच होतं. मी म्हणायची, क्रम म्हणजे सगळं. मण्यांचा क्रम ठरला की घडी ठरली, घडी ठरली की काम ठरलं, विषय संपला. तू म्हणायचीस, "क्रम म्हणजे सुरुवात. भोवती पाणी किती, ताप किती, शेजारी कोण, हे कोण बघणार? तुझी आई?" बावीस वर्षांत ना मी हटले, ना तू. एकदा मंडईत मटार घेताना आपण यावर एवढ्या तावातावाने बोलत होतो, की भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "कुनाची वाटणी चाललीय?" तू म्हणालीस, "आमच्या दोघींच्या डोक्याची, मावशी. हिच्या वाट्याला कमी आलंय."

माझ्या डब्यातल्या आमटीवरही तुझा राग होता. वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात, डाळीत जे अमिनो आम्ल कमी ते तांदळात असतं आणि तांदळात कमी ते डाळीत, हे तू फार प्रेमाने शिकवायचीस. मग माझ्या डब्यात बोट बुडवून म्हणायचीस, "आणि गूळ घालून लायसिन वाढत नाही, सुनंदाबाई, हे पुणेकरांना कुणीतरी लेखी कळवा."

आता मूळ गोष्टीवर येते. मला फार वेळ फिरत बसता येत नाही, हे तुला माहीतच आहे.

तेव्हा आपली ओळख दीड-दोन वर्षांची. हिमोग्लोबिनचा तास होता. मी म्हटलं, या वेळी दोन माळा करू. एक निरोगी, एक सिकलसेल आजाराची, म्हणजे एका मण्याने काय होतं ते पोरांना डोळ्यांनी दिसेल. तू म्हणालीस, कर. त्या दिवशी यादी वाचायला तू बसली नाहीस, काहीतरी काम काढलंस. सिकलसेलची माळ मी एकटीने केली. एकशे सेहेचाळीस मणी, वर त्यातला एक बदललेला.

आणि तिथे मी चुकले. पेशी प्रत्येक साखळीची सुरुवात मेथिओनिनने करते आणि मग तो पहिला मणी कापून टाकते. माझ्या हातात जी यादी होती ती जनुकावरून काढलेली, त्यात मेथिओनिन धरलेला, म्हणून बिघाड सातव्या जागी लिहिलेला. माझ्या माळेत मेथिओनिन नव्हताच. पण मी कागदावर सात वाचलं आणि माळेवर सात मोजले. सहावा आणि सातवा, दोन्ही लालच. शेजारी शेजारी बसलेले, जुळ्या बहिणींसारखे. मी सहावा ठेवला आणि सातव्याच्या जागी लाकडी व्हॅलिन ओवला. चुकले आहे हे जगात फार थोड्या लोकांना कळलं असतं.

तू स्टाफरूममध्ये ती माळ उचललीस. तोंडाने न मोजता, नुसतं बोट फिरवत सहाव्यावर थांबलीस. मग माळ माझ्यापुढे ठेवून शांतपणे म्हणालीस, "हा माझा आजार नाही."

मला वाटलं, विषय माझा नाही असं काहीतरी म्हणते आहेस. मी म्हटलं, "तुझा नाही तर कुणाचा? थिअरी तुझी आहे."

"अगं, माझा आजार सहाव्यात आहे. तू सातवा बदललास."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती, एवढं मला आठवतं.

मग बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसल्या. डिसेंबर उजाडला की तुझे दोन दोन स्वेटर, ज्यांची मी सगळ्यांपुढे थट्टा करायची. गळ्यात अडकवलेली पाण्याची बाटली. महिन्यातले दोन-तीन दिवस तुझं "पाठ दुखतेय" म्हणून न येणं, ज्यावर मी एकदा "आमच्याही पाठी आहेत" असं म्हटलं होतं. ते तू ऐकलं होतंस. ऐकलं होतंस ना? मी कधी विचारलं नाही.

सहावा लाल मणी पाण्याकडे तोंड करून बसणारा. त्याच्या जागी लाकडी आला की तो पाणी टाळतो आणि आधार शोधतो, शेजारच्या साखळीला चिकटतो. ती पुढच्या साखळीला. प्राणवायू सोडून दिला की हिमोग्लोबिनच्या अशा काड्या बनत जातात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक नळीत अडकतात. आणि मग दुखतं. हे सगळं मी इतकी वर्षं शिकवत होते, आणि दुखतं म्हणजे किती दुखतं हे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला विचारावं असं मला सुचलं नव्हतं.

विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "हाडात कुणी खिळा ठोकतं आणि तो ठोकणारा चहा प्यायला जात नाही. चल, तास आहे."

त्याच आठवड्यात तू मला पेल्याची गोष्ट सांगितलीस. शिकायला पुण्यात आलीस तेव्हा सदाशिव पेठेत खोली घेतली होतीस. एकदा कळा आल्या म्हणून घरमालकीणबाईंना खरं ते सांगितलंस. रक्ताचा आजार म्हटल्यावर त्यांनी तुझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. तू त्यांना चांगलं तासभर समजावलंस की हा जन्मजात असतो, आईबापांकडून येतो, पेल्यातून जात नाही. त्यांनी मान डोलावली. पेला वेगळाच राहिला. "रक्तामुळे ठेवला का आडनावामुळे," तू म्हणालीस, "हे विचारायचं राहून गेलं. तशीही मी सोडणारच होते ती खोली." आणि हसलीस. मी हसले नाही. आमचं घर त्या गल्लीपासून चार गल्ल्या लांब होतं, आणि आमच्या घरातही असे पेले होते. ते मी तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं. आज सांगते.

तुझी अट एकच होती. कॉलेजात कुणाला कळता कामा नये. मी पाळली. सहावा मणी बदललेली नवी माळ तू स्वतः ओवलीस आणि दरवर्षी तीच हातात धरून वर्गात उभी राहिलीस. आवाजात कधी फरक नाही. मागच्या बाकावर बसून मी पाहायची. वर्गातल्या पोरांना दिसायचा मणी आणि मला दिसायचे तुझे हात.

आणि मग गेल्या वर्षीची ती रोशनी. गडचिरोलीकडची पोरगी, वसतिगृहात राहणारी. प्रॅक्टिकलला दांड्या मारते म्हणून मी तिला तीनदा झापलं होतं. चौथ्यांदा झापत होते तेव्हा तू दारातून आलीस, तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिलास, तो पिवळट होता, आणि तिला बाहेर घेऊन गेलीस. दोघी जिन्यात बसलात. तुमची भाषा ऐकू येत होती. "काऊन वं, घरी कोणाले माहीत आहे का?" असं काहीसं. मग तू तिला दवाखान्यात नेलंस. तपासणीत तेच निघालं.

त्या दिवशी मी तुझ्या मागे लागले. म्हटलं, मंगल, तू वर्गात उभं राहून एकदा सांग. नुसतं सांग की मला आहे. या वर्गात अशा किती रोशनी बसल्या असतील, ज्यांना स्वतःलाच माहीत नाही. तू सांगितलंस तर त्या तपासून घेतील. बाईंना आहे आणि बाई शिकवताहेत, हे एक वाक्य शंभर तासांपेक्षा जास्त काम करेल.

"नाही."

"का?"

"मी वर्गात शिरले की पोरं माझ्याकडे बघतात. उद्या माझ्या रक्ताकडे बघतील. मले नमुना नाही व्हायचं."

तुझं 'मले' बाहेर आलं की तू खरंच चिडली आहेस हे मला कळायचं. तरी मी थांबले नाही. मी बरोबर होते ना, आणि बरोबर असले की मला थांबता येत नाही. मी म्हटलं, "भित्री आहेस तू."

तू पर्स उचललीस आणि गेलीस.

त्यानंतरचे पाच आठवडे आपण कामापुरतं बोललो. ओव्हन बंद केलास का. हजेरीपट कुठे आहे. तुझा आमटीवरचा शेरा बंद झाला. मी एकदा मुद्दाम जास्त गूळ घालून आणली, तरी तू काही म्हणाली नाहीस.

मग तुला ताप आला, छातीत उतरला, आणि दवाखान्यात ठेवलं. मी मुगाचं कढण घेऊन आले. तुझ्या नाकाला प्राणवायूची नळी, आणि तू त्या नळीतूनही माझ्यावर खेकसलीस, "गूळ नाही ना घातलास?" मला इतकं बरं वाटलं की मी खोटं बोलले. घातला होता, चिमूटभर.

दोन चमचे घेतलेस. मग म्हणालीस, "तुझं ते एक वाक्य."

मी माफी मागणारच होते. खरंच मागणार होते. पण तुला ते 'भित्री'चं वाक्य म्हणायचं नव्हतंच.

"बाईंना आहे आणि बाई शिकवताहेत. ते. मी गेले की सांग. जिवंतपणी नमुना, मेल्यावर उदाहरण. फरक आहे, सुनंदाबाई."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. जुलैचे मणी कोण वाचणार?"

"तू वाच. मी ओवते. बघू तुला तरी जमतंय का वाचायला."

मग नर्स आली आणि मला बाहेर काढलं. माफी राहिली. उद्या मागू म्हणून राहिली. 'उद्या' या शब्दाबाबत मी इतर कुणावर विश्वास ठेवत नाही, कामवालीवरसुद्धा नाही. स्वतःवर ठेवला.

गेल्या सोमवारी हिमोग्लोबिनचा तास होता. थिअरी आता मलाच घ्यावी लागते. डबा उघडला. निरोगी माळ आणि तुझी, अशा दोन्ही माळा घेऊन वर्गात गेले. आदल्या दिवशी वाक्य पाठ केलं होतं. तुझी परवानगी होती. शकुताईंनाही विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "सांगा ना बाई. लिवासुद्धा. आमच्याकडच्या पोरी वाचतीन तं." म्हणून हे आज लिहिते आहे. पण वर्गात उभं राहून, सहाव्या मण्यावर बोट ठेवून, मला ते वाक्य बोलता येईना.

रडू आलं म्हणून नव्हे. मला दिसलं की साठ पोरं माझ्याकडे बघताहेत, आणि मी तोंड उघडलं की ती सगळी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघतील. तुला जे नको होतं तेच. तू नसलीस म्हणून काय झालं?

पहिल्या बाकावरून एकीने विचारलं, "मॅडम, हे आपल्याकडे असतं का?"

"असतं."

"कुणाला?"

"कुणालाही असू शकतं. आपल्याला आहे का हे दिसून कळत नाही. तपासून कळतं. उद्या प्रॅक्टिकलला तपासू. ज्यांना हवं त्यांनीच. निकाल ज्याचा त्याच्या हातात, दुसऱ्या कुणाला सांगितला जाणार नाही. पहिलं रक्त माझं."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

मंगळवारी सदाशिव पेठेत दवाखाना चालवणाऱ्या माझ्या मावसबहिणीला बोलावून घेतलं, डॉक्टर हजर हवी म्हणून. साठ पोरांपुढे मी बोट पुढे केलं. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकला. नळीमागे रेघांचा कागद धरला. द्रावण गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करायची. माझ्या नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मूर्ख कुठची. मी म्हटलं, "यात माझं काही कर्तृत्व नाही. पुढे कोण?"

रांग लागली, मंगल. पुण्यातली, नगरची, नागपूरची, सगळी एका रांगेत. रोशनी आपणहून नळ्यांवर नंबर चिकटवायला बसली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, प्रत्येक जण आपापल्या नळीकडे बघत होता. दोघींच्या नळ्या गढूळ झाल्या. त्यांना बाजूला घेऊन जिन्यात बसवलं, तुझ्याच पायरीवर, आणि पुढच्या तपासणीला पाठवलं. कोण त्या, हे मी इथेही लिहिणार नाही.

संध्याकाळी नळ्या धुताना लक्षात आलं. एवढंच करायचं होतं. बोट पुढे करायला मला आजार असण्याची गरज नव्हती. बावीस वर्षं प्रॅक्टिकल माझ्याकडे होतं. मी तुझ्याकडे तुझी गोष्ट मागत राहिले, आणि दिली नाहीस म्हणून तुला भित्री म्हटलं, पण स्वतःची बाही वर करायचं मला सुचलं नाही. तू शेजारी कोण आहे ते बघ म्हणायचीस. शेजारी मी होते.

भांडणात तू बरोबर होतीस. क्रम म्हणजे सुरुवात. लिहून दिलं. आता समोर बसून म्हण ना, 'ऐकू नाही आलं, परत सांग.'

तुझी माळ, सहाव्या मण्याची, निरोगी माळेशेजारी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या जुलैत कामाला येईल. तिसरी, माझी चुकीची, सातवा मणी बदललेली, तू इतकी वर्षं डब्यात का सांभाळून ठेवलीस मला माहीत नाही. मी असते तर मणी सोडवून घेतले असते, तांब्याची तार महाग झाली आहे. पण काल ती डब्यातून काढली आणि ओट्याशेजारी, चाव्या अडकवायच्या खिळ्याला लावली. शास्त्र म्हणून ती चूक आहे, मुलांना दाखवण्यासारखी नाही. पण त्या माळेत सहावा मणी लाल आहे. त्या माळेतली तू कर्वेनगरच्या बसस्टॉपवर जानेवारीत सकाळी सातला एकाच स्वेटरात उभी असतेस, बस चुकली म्हणून मला शिव्या देत. काही दुखत नसतं. मी चावी काढताना रोज त्या दोन मण्यांवर बोट ठेवते. सहावा, सातवा. मग कामाला जाते.